उतारू

प्रवास करणाऱ्या माणसाला मराठीत बरीच नावे आहेत. प्रवासी म्हणजे घरापासून दूर राहिलेला, कारण प्रवास या शब्दाचा मूळ अर्थच परगावी वस्ती करणे. मुसाफिराच्या पोटात अरबी सफर बसलेली आहे. पांथस्थ वाटेवर आहे, यात्रेकरू देवाच्या दिशेने निघालेला आहे. या सगळ्यांत एक शब्द मला फार जवळचा वाटतो, तो म्हणजे उतारू. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत बोटीच्या आणि आगगाडीच्या बातम्यांत तो सर्रास दिसे. हा माणूस तासन् तास बसलेला असतो आणि उतरतो एकदाच, पण भाषेने त्याचे नाव त्या उतरण्यावरून ठेवले. त्याचे निघणे, बसणे, खिडकीतून बघणे यांतले काहीच नावात आले नाही.

भूमध्य समुद्रावर क्रूझने फिरणाऱ्या माणसाला हे नाव अगदी चपखल बसते. नीस आणि मोनॅको यांच्या मध्ये व्हिलफ्रांश नावाचे बंदर आहे. तिथे मोठी जहाजे उपसागरात नांगर टाकून उभी राहतात. छोट्या बोटी जहाजाला येऊन लागतात आणि लोकांना धक्क्यावर नेऊन सोडतात. मग नीसचा फुलांचा बाजार, एझ हे डोंगरमाथ्यावरचे दगडी गाव, मोंटे कार्लोचा कॅसिनो आणि त्याच्या दारात उभ्या असलेल्या महागड्या गाड्या. हे सगळे दिवसाउजेडी उरकायचे आणि शेवटची बोट सुटायच्या आत धक्क्यावर यायचे. रात्री पलंग जहाजावरच. म्हणजे त्या दिवसाचा सारा मजकूर उतरणे आणि परतणे एवढ्यात आला.

पण उतारू हा शब्द समजून घ्यायला मी त्या किनाऱ्यावर जाणार नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्रातले समुद्रापासून सर्वांत दूरच्या जिल्ह्यांपैकी दोन. तरी हा शब्द ज्या धातूतून आला, त्याचे अख्खे कुटुंब इथे नांदते आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या मधून वैनगंगा वाहते. खाली चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि दोघींची मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत जाते. आणखी खाली सोमनूरला इंद्रावती गोदावरीला येऊन मिळते. ज्या मुलखात नदी हीच सीमा आणि नदी हीच वाट, तिथे नदी ओलांडण्याचे शब्द जिवंत राहिले नाहीत तर कुठे राहतील?

संस्कृतात तृ हा धातू आहे. अर्थ तरणे, ओलांडणे, पलीकडे जाणे. तरी म्हणजे नाव, तारू म्हणजे जहाज, तारक म्हणजे पलीकडे नेणारा, तीर म्हणजे जिथे पोचायचे ती कड. तारण ठेवलेले सोनेही याच घरातले, अडचणीतून पार नेणारे. याच धातूला मागे उत् लागला की उत्तरति होते, त्याचे प्राकृतात उत्तरइ आणि मराठीत उतरणे. इथपर्यंत सरळ आहे. पण उत् या उपसर्गाचा अर्थ आहे वर. उत्थान, उत्कर्ष, उद्गम, उन्नती, सगळीकडे तो वरच नेतो. मग उतरणे म्हणजे खाली येणे कसे झाले? वर नेणारा उपसर्ग अंगावर वागवणारा शब्द खाली कसा आला?

हे कोडे कोशात बसून सुटत नाही असे माझे मत आहे. त्यासाठी वैनगंगेचा एखादा घाट डोळ्यांपुढे आणावा. मे महिन्यात पात्र आटलेले असते. काठावरून दरड उतरून रेतीत यायचे, तापलेल्या रेतीतून धारेपर्यंत चालायचे, तिथे डोंगा लागलेला असतो. डोंग्यात बसून पलीकडे गेले की पाण्यातून बाहेर, पुन्हा रेती, पुन्हा दरड. संस्कृतातला उत्तरति हा या शेवटच्या टप्प्याचा शब्द आहे. पाणी ओलांडून त्यातून वर निघणे, कोरड्यावर येणे. पोहणाऱ्यासाठी किंवा पाण्यात चालणाऱ्यासाठी ते वर येणेच असते. पण नावेत बसलेल्या माणसाचे शरीर त्याच क्षणी काय करते? तो नावेच्या काठावरून पाय टाकतो खाली, रेतीवर. पलीकडे पोचणे आणि खाली पाय टाकणे एकाच वेळी घडते. बोलणाऱ्यांनी त्या क्षणाला उतरणे म्हटले, आणि हळूहळू ओलांडण्याचा अर्थ मागे पडून पाय खाली टाकण्याचा अर्थ पुढे आला. मग घोड्यावरून उतरणे, गाडीतून उतरणे, माळ्यावरून उतरणे, चढलेला ताप उतरणे. नावेतून खाली टाकलेल्या पावलाने शब्दाची दिशा उलटी केली. उतारू हा त्या पावलाचा धनी.

मूळ अर्थ मराठीतून पुरता गेला नाही, हे उतार या शब्दावरून कळते. नदी जिथे पायी ओलांडता येते त्या जागेला उतार म्हणतात. पावसाळा सरता सरता नाल्यापाशी थांबलेला माणूस पलीकडून येणाऱ्याला विचारतो, "उतार हाय का जी?" त्याला ढाळ आहे का हे विचारायचे नसते, ओलांडता येईल का हे विचारायचे असते. शिवाय पुराचे पाणी ओसरू लागते त्यालाही उतारच म्हणतात. भामरागडला हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. तिथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे. पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जायचा आणि तालुक्याच्या गावाचा आलापल्ली-गडचिरोलीशी संपर्क तुटायचा, हे वर्षानुवर्षे चालत आले. अशा वेळी अलीकडे अडकलेले लोक उताराची वाट बघतात. पाण्याला उतार पडला की वाटेला उतार मिळतो. दवाखान्यात न्यायचा रोगी सोबत असेल तर या एका शब्दाला किती वजन येत असेल ते शहरातल्या माणसाला सहज कळायचे नाही. त्याच्या बोलण्यात उतार येतो तो रस्त्याचा नाहीतर वयाचा.

चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा आहे. दगडी शिल्पांनी भरलेला मंदिरांचा समूह, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने संरक्षित केलेला. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७०च्या दशकात तो पाहून त्याचे वर्णन आपल्या अहवालात केले. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते आणि लोक नदीत स्नानाला उतरतात. स्थानमाहात्म्याचे कारण सगळे एकच सांगतात: एरवी दक्षिणेकडे धावणारी वैनगंगा इथे वळण घेऊन उत्तरेला वाहते. उत्तरवाहिनी. आता हा उत्तर शब्द पाहा. त्यातही तोच उत् आहे, आणि तर हा तुलनेचा प्रत्यय लागून अर्थ झाला अधिक वरचा. हिमालयाकडची बाजू उंच म्हणून ती उत्तर दिशा. म्हणजे मार्कंड्याच्या घाटावर उभे राहिले की नदी उत्तरेला, वरच्या दिशेला वाहते आणि भाविक पाण्यात खाली उतरतो. एकाच उपसर्गाची दोन लेकरे, एक वर निघालेले, एक खाली. दोघांचे तर मात्र वेगळे आहेत, एक प्रत्यय आणि एक धातू. कानाला सारखे लागले म्हणून त्यांना सख्खे मानू नये.

मार्कंड्याला आपण तीर्थ म्हणतो, आणि हा शब्द तृ धातूचा थेट वंशज आहे. तीर्थ म्हणजे मुळात उतार. नदी जिथे सुखरूप ओलांडता येते, गुरांना पाणी पाजता येते, ती जागा. देव तिथे मागाहून आले. ज्या ठिकाणी लोक ओलांडायला जमत, तिथेच बाजार भरला, धर्मशाळा झाली, देऊळ उभे राहिले. मग तीर्थ शब्दाला पावित्र्य चिकटले, ते इतके की आज आपण पळीभर पाणी तळहातावर घेतो त्यालाही तीर्थ म्हणतो. जैनांनी मूळ अर्थ अधिक जपला. तीर्थंकर म्हणजे उतार तयार करून देणारा, भवनदीतून पलीकडे जाण्याची वाट बांधणारा. नदी धोक्याची असल्याशिवाय असा शब्द सुचत नाही.

याच घरातला आणखी एक शब्द उतराई. हिंदीत उतराई म्हणजे नावाड्याला द्यायची मजुरी. रामाला गंगापार नेणारा केवट ती घ्यायला नाकारतो ही कथा उत्तरेत घराघरांत माहीत आहे. मराठीत आपण उपकाराला उतराई होतो, किंवा होता येत नाही असे म्हणतो. ऋण ही नदी, फेडणे हे ओलांडणे. उत्तीर्ण हा त्याचा संस्कृत भाऊ आज परीक्षेच्या निकालापुरता उरला, पण जुन्या मराठीत उपकाराला उत्तीर्ण होणे हाच त्याचा मान होता. सातबाराचा उतारा, विषावरचा उतारा आणि पाहुण्याचा वाड्यातला उतारा यांची चर्चा मी इथे करत नाही, ती एका वेगळ्या लेखाची सामग्री आहे. एवढेच नोंदवतो की पाहुण्याचा उतारा म्हणजे घोड्यावरून किंवा नावेतून पाय खाली टाकल्यावर तो जिथे टेकतो ती जागा, तेव्हा तोही उतारूचाच.

गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याला गेले की या शब्दांना तेलुगूची जोड मिळते. तिथे नावेला पडव म्हणणारे लोक आहेत. तेलुगूत पडव म्हणजे नाव, तमिळ-कन्नडातही त्याच्या बहिणी आहेत. कोकणातल्या वाचकाचे कान इथे टवकारायला हवेत, कारण तिकडचा पडाव हाच. मुंबईहून कोकणात आगबोटी जात तेव्हा पुष्कळ बंदरांत त्या काठाला लागू शकत नसत. दूर पाण्यातच उभ्या राहत, आणि पडाव जाऊन उतारूंना घेऊन येत. मडकी, ट्रंका, लेकरे, गणपतीला निघालेली म्हातारी माणसे, सगळे हलत्या आगबोटीतून हलत्या पडावात. व्हिलफ्रांशला जहाजाभोवती ज्या छोट्या बोटी घोंगावतात त्यांना मराठीत नाव शोधायचे तर ते तयारच आहे. एकच द्रविड शब्द सिरोंच्याच्या घाटावर आणि वेंगुर्ल्याच्या बंदरात नांदतो, आणि मधल्या शेकडो मैलांत त्याला कोणी ओळखत नाही.

सिरोंच्याच्या नदीत आगबोटही आली असती. ही कल्पना नाही, इतिहास आहे. ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटनने १८५२मध्ये गोदावरीवर धवलेश्वरमचे धरण पुरे केले. त्यानंतर गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्या आगबोटींना मोकळ्या करून वऱ्हाड-वर्ध्याकडचा कापूस थेट पूर्वेच्या समुद्रावर उतरवायचा, असा घाट घातला गेला. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवर देवलमरी. त्यांना वळसा घालणारे कालवे खणायचे काम सुरू झाले. सिरोंचा तेव्हा अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. पण १८६७ला रेल्वे नागपूरला पोचली, कापूस मुंबईच्या वाटेने जाऊ लागला आणि १८७१मध्ये काम थांबवण्यात आले. १८७४ला तो जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आले. ते काम तडीस गेले असते तर सिरोंचा हे बंदर झाले असते, अहेरीच्या घाटावर उतारूंची गर्दी झाली असती, आणि इकडच्या झाडीबोलीत सुकाणू, खलाशी हे किनारपट्टीचे फारसी-अरबी शब्द रुळले असते. तसे झाले नाही म्हणून इथल्या नदीचे शब्द डोंग्याच्या आकाराचे राहिले: डोंगा, नावाडी, ढिवर, डोह, रेती. ढिवर म्हणजे संस्कृतातला धीवर, मासेमारी आणि नाव वल्हवणे दोन्ही करणारा. डोह म्हणजे ह्रद, प्राकृतातल्या द्रहातून आलेला. वैनगंगेवरच्या चिचडोह बंधाऱ्याच्या नावात तो आज सरकारी कागदावरही जाऊन बसला आहे. आगबोट आली नाही, पण माणसे येतात. एप्रिल २०२२मध्ये प्राणहितेचा पुष्कर भरला तेव्हा सिरोंच्याच्या घाटांवर तेलंगणातून आणि महाराष्ट्रातून लोक स्नानाला आले. गुरू मीन राशीत गेला की बारा वर्षांनी हा योग येतो.

आता पुन्हा त्या झगमगत्या किनाऱ्याकडे. रिव्हिएरा हे नाव ऐकले की आपल्याला श्रीमंती ऐकू येते. पण त्याच्या बुडाशी लॅटिन रिपा आहे, आणि रिपा म्हणजे नदीचा काठ. फ्रेंचांची नदी रिव्हिएर, इंग्रजांची रिव्हर, दोन्ही काठावरून आलेल्या. इंग्रजी अराइव्ह म्हणजे पोचणे, तेही मुळात ॲड रिपाम, काठाला लागणे. म्हणजे तिकडच्या माणसांनीही पोचण्याचा शब्द घडवला तो नावेतून काठाला लागण्यावरून. क्रूझ हा शब्द डच क्रॉइसन म्हणजे आडवेतिडवे ओलांडत फिरणे, यातून आला. याहून जवळचे नातेही आहे. लॅटिन ट्रान्स म्हणजे पलीकडे, तो आपल्या तृ धातूचा नात्यातला भाऊ. पोर्ट म्हणजे बंदर, तो आपल्या पार शब्दाचा. चंद्रपूर-बल्लारपूरच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकच्या पाठीवर ट्रान्सपोर्ट असे रंगवलेले असते. त्यात तर आणि पार हे दोन सख्खे शेजारी हजारो वर्षांच्या ताटातुटीनंतर शेजारी शेजारी बसले आहेत.

त्या किनाऱ्याचे फ्रेंच नाव कोत दाझ्यूर, म्हणजे निळा किनारा. हे नाव जुने नाही. स्तेफां लिएजार याने १८८७मध्ये आपल्या पुस्तकाला ते दिले आणि ते प्रदेशालाच चिकटले. त्यातला आझ्यूर म्हणजे आपला लाजवर्द. बदख्शानच्या डोंगरातल्या निळ्या दगडाचे फारसी नाव, अरबीतून युरोपात गेले. तिथल्या लोकांना सुरुवातीचा ल हे आपल्या भाषेतले उपपद वाटले म्हणून त्यांनी तो टाकून दिला. लाजवर्दी हा रंग मराठीलाही ओळखीचा होता, आता अस्मानीने त्याची जागा घेतली. नारिंगाचेही तसेच, वाटेत त्याचा सुरुवातीचा "न" गळाला. त्या किनाऱ्यावर मांतों गावच्या लिंबांचा मोठा तोरा आहे, आणि लेमन हा शब्द फारसी लीमूतून तिकडे गेला. मराठी लिंबू त्याच्या नात्यातले. उतारू तिथे जाऊन जे पाहतो, चाखतो, त्यातले पुष्कळसे शब्द त्याच्या आधी पूर्वेकडून तिथे पोचलेले आहेत.

उलट दिशेने आलेले शब्द ताडोब्याच्या दारात भेटतात. १९५५ सालचे राष्ट्रीय उद्यान, १९८६चे अंधारी अभयारण्य आणि १९९५पासून व्याघ्र प्रकल्प. इथे मोहर्ली किंवा कोलारा गेटवर माणसे पहाटे जमतात, ठरलेल्या वेळी आत जातात, ठरलेल्या वेळी बाहेर येतात. क्रूझच्या उतारूसारखाच त्यांचा दिवस घड्याळाने बांधलेला असतो. ते सफारी करतात. अरबी सफर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीत गेली, तिची सफारी झाली, इंग्रजांनी ती उचलली आणि अरण्याच्या कपड्यांत आपल्याकडे पाठवली. सफर मराठीत आधीपासून होतीच, म्हणून चंद्रपुरात आज एकच शब्द दोन वाटांनी आलेला दिसतो. आणि सफारीचे वाहन जिप्सी. युरोपातल्या भटक्या रोमा लोकांना तिकडच्यांनी इजिप्तचे समजून जिप्सी म्हटले. प्रत्यक्षात त्यांची भाषा मराठी-हिंदीच्याच कुळातली, ते भारतातूनच गेलेले. भूमध्य समुद्राकाठच्या एका गैरसमजाचे नाव घेऊन ही गाडी मोहर्लीच्या धुळीत फिरते. फक्त या सफरीत उतरायला मनाई असते. इथला प्रवासी उतारू नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे.

ताडोबा हे नाव तारू नावाच्या पुरुषावरून पडले अशी लोककथा आहे. वाघाशी झुंजत तो तळ्याकाठी पडला आणि त्याचा देव झाला. हा तारू आणि जहाजाचा तारू यांचा काही संबंध नाही. शब्दांच्या मागे लागलेल्या माणसाला अशी जुळणी करण्याचा मोह फार होतो, म्हणून मुद्दाम सांगितले. तसाच मोह वैदर्भीयांना तर्रीबद्दल होईल. नावेची तरी संस्कृत, पोह्यावरची तर्री फारसी तर म्हणजे ओला यातून आलेली.

किनाऱ्याबद्दल एक शेवटचा शब्द. किनारा फारसीतून आला, तट आणि तीर संस्कृतातून तसेच्या तसे. पण चंद्रपूर-गडचिरोलीत नदीला काठ असतो. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले, त्याआधी हा शब्द कांठ असा लिहीत. त्या टिंबाने त्याचे कूळ दाखवले होते: कंठ. संस्कृतातही कंठाचा अर्थ गळ्याबरोबर कड, जवळीक असा होता, उपकंठ म्हणजे अगदी लगतची जागा. लुगड्याचा काठ, घागरीचा काठ, काठोकाठ भरणे, सगळे त्यातलेच. नियम सोपे झाले हे बरेच झाले, पण ते टिंब गेल्याने काठ आणि कंठ यांची ओळख तुटली, याचे मला वाईट वाटते.

वैनगंगेवर आणि प्राणहितेवर आता पूल झाले आहेत, होत आहेत, आणि ते व्हायलाच हवेत. पुरात अडकलेल्या बाळंतिणीपुढे कोणत्याही शब्दाची किंमत नाही. पण पूल झाला की घाट ओस पडतो, घाट ओस पडला की डोंग्याच्या भागांची नावे, वल्ह्यांची नावे, पाण्याच्या ओढीची आणि भोवऱ्यांची नावे बोलणारी माणसे एका पिढीत कमी होतात. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा कोश केला, ते मोठे काम आहे. २०११ला गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आले. तिथल्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी वडशापासून सिरोंच्यापर्यंत एकेका घाटावर जाऊन म्हाताऱ्या ढिवरांना बसते करावे, मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू जे जे शब्द ते वापरतात ते त्यांच्याच उच्चारात उतरवून घ्यावेत. यंदाच्या उन्हाळ्यात पाणी उतरले की सुरुवात करता येईल.